त्या वर्षापुढचा एक

१

आमचा देश इतका लहान आहे की त्याचा सगळा कारभार माझ्या टेबलावरच्या एका पडद्यावर मावतो. एक बंदर, एक सिमेंटचा कारखाना, थोडी मासेमारी, थोडे पर्यटक आणि परदेशी गेलेल्या पोरांनी घरी पाठवलेली रक्कम. बस्स. हे सगळं समीकरणांत बसवायचं, म्हणजे पुढच्या वर्षी लोक किती कमावतील, किती खातील, बाहेरून किती मागवतील हे सरकारला आधीच सांगता येतं. निदान सांगितल्यासारखं तरी करता येतं. हे माझं काम.

मॉडेल म्हणजे शेवटी एक रेघ असते. दर वर्षाचा एक ठिपका असतो, आणि रेघ अशी ओढायची असते की ती सगळ्या ठिपक्यांच्या होईल तितकी जवळून जाईल. आमचा एकच ठिपका ऐकत नव्हता. ज्या वर्षी बंदर बंद पडलं, त्या वर्षाचा. तो पार खाली एकटाच होता, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा.

अशा ठिपक्यावर आमच्या धंद्यात इलाज आहे. त्याला डमी लावायचा. एक वेगळा रकाना करायचा, त्या वर्षापुढे एक लिहायचा आणि बाकी सगळ्या वर्षांपुढे शून्य. मग रेघ त्या वर्षाकडे ढुंकूनही बघत नाही. वर्ष आकड्यांत असतं, पण नसल्यासारखं. आमच्या कचेरीत जो कोणी नवं मॉडेल बांधायला बसतो, तो आधी त्या वर्षापुढे एक लिहितो आणि मगच खुर्ची पुढे ओढतो.

"पण का?" मी सरांना विचारलं.

सर म्हणजे आमचे संचालक. पाठीमागे आम्ही त्यांना सरासरी म्हणतो, कारण कुठल्याही वादात ते बरोबर मधोमध सापडतात.

"प्रथा आहे," ते म्हणाले.

"प्रथा हे उत्तर नाही, सर. त्या वर्षी लोकांनी काहीतरी खाल्लं ना? काहीतरी कमावलं ना? मग ते मॉडेलनं समजावून सांगायला हवं. आपण त्याला कोपऱ्यात बसवतो आणि वर म्हणतो, वा, किती छान बसलंय."

"तुझं वय काय गं?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. डमी राहू दे."

वयावर गाडी आली की माझं डोकं फिरतं. सर जेवायला गेले आणि मी तो रकाना काढून टाकला. मॉडेल पुन्हा चालवलं.

रेघ त्या वर्षाकडे झुकली. झुकणारच होती. एक ठिपका इतका खाली असला की तो अख्खी रेघ आपल्याकडे ओढतो, आणि मग बाकीची सगळी वर्षंही मॉडेलला आहेत त्यापेक्षा जराशी वाईट दिसायला लागतात. मॉडेल आता आधीपेक्षा खूपच ओबडधोबड बसलं होतं. मला बरं वाटलं. निदान खोटं तरी नव्हतं.

पाय मोकळे करायला बाहेर आले. आमच्या मजल्यावर चहाचं एक मशीन आहे. तिथे कायम घोळका असतो, ढकलाढकली, कुणाच्या तरी साहेबाची नक्कल. आज तिथे रांग होती. सगळे एकामागे एक, भिंतीला धरून, नजर पुढच्याच्या मानेवर. कुणी बोलत नव्हतं. शेवटी दशांश उभा होता. हा माझ्या शेजारच्या टेबलावरचा. किती वाजले विचारलं तरी हा दशांश चिन्हानंतरचं सांगतो, म्हणून हे नाव.

"काय रे, फुकट वाटतायत का?" मी विचारलं.

त्याने मान वळवली नाही. "तुझा नंबर धरू?"

मी पुढे वाकून पाहिलं. मशीन बंद होतं. त्याची वायर गुंडाळून वर ठेवलेली होती.

२

त्या वर्षापुढे आमच्या घरानेही एक लिहून टाकलेला आहे.

त्या हिवाळ्यात बंदर बंद, वीज बंद, आणि रॉकेलसाठी जुन्या गोदामासमोर रांग. दादा कॅन घेऊन गेला आणि परत आला नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता. त्या रांगेतले बरेच जण परत आले नाहीत. कुठे गेले हे कुणी विचारलं की नाही, मला माहीत नाही. मी शाळेत होते आणि मोठी माणसं खोलीत आली की बोलणं थांबायचं. धाकटी चिमणी तेव्हा पाळण्यात. तिला त्याचं नावही माहीत नाही. आईने फोटो उचलून ठेवले. "आम्हाला दोघी मुलीच," असं ती पाहुण्यांना इतक्या सहज सांगते की माझ्या अंगाची आग होते. मी विषय काढला की बाबा पेपर वर धरतात.

रकाना काढताना हे माझ्या मनात नव्हतं, असं म्हणण्याइतकी मी भोळी नाही.

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा आई ओट्यापाशी होती. स्वयंपाकघराच्या दारात बाबा रिकामा कप धरून उभे होते. टेकून नव्हे, सरळ.

"बाबा, हे काय? बसा ना."

"असू दे. नंबर येईल आता."

चिमणी फस्सकन हसली. "ताई, दुपारपासून असंच चाललंय. मी आंघोळीला गेले तर दाराबाहेर उभे! म्हटलं बाबा, आंघोळ झाली ना तुमची? तर म्हणे, झाली, पण नंबर जायला नको."

मी हसले नाही. मला चहाचं मशीन आठवलं. मग मनातल्या मनात स्वतःलाच झापलं. दोन ठिकाणी माणसं रांगेत उभी दिसली म्हणजे त्यात काही अर्थ असतो का? माणसं रांगेत उभी राहतातच.

तेवढ्यात आई, पाठमोरीच, म्हणाली, "दादाला मी लाल मफलर दिला होता."

माझ्या हातातली बॅग खाली पडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून 'दादा' आलं होतं. मला ओरडून रडावंसं वाटलं. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले, हळूच, कारण जोरात बोलले तर ती परत मिटून जाईल अशी भीती होती.

"हो ना गं? लाल?"

"लाल. पहिलीत होता. एवढासा कॅन, तोही त्याला पेलवेना."

"पहिलीत नाही, आई. कॉलेजात होता."

"कॉलेजात असताना गेला तेव्हा निळा दिला. दहावीत गेला तेव्हा मफलर नव्हता, उन्हाळा होता." तिने भांडं खाली ठेवलं. "जायचाच की तो. दर वर्षी."

"दादा कोण?" चिमणीने विचारलं.

"अगं, तुझा दादा. गेल्या वर्षी नाही का गेला?"

चिमणीच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिच्याकडे बघताना मला वाटत होतं, आता ही म्हणेल, आई काहीतरीच काय. तिचा चेहरा हळूहळू उजळला.

"हां," ती म्हणाली. "हो की. जाताना माझी वेणी ओढून गेला होता."

त्या रात्री अंथरुणात पडून मी त्याला आठवून पाहिलं. माझी एक आठवण अगदी पक्की आहे: गल्लीत तो मला सायकल शिकवतोय, मागून सीट धरून धावतोय. बंदर बंद पडायच्या कितीतरी आधीची. ती आली, सगळी आली, ऊन, गल्ली, त्याच्या चपलांचा आवाज. सीट त्याने एका हाताने धरली होती. दुसऱ्या हातात कॅन होता.

३

दुसऱ्या दिवशी मॉडेल उघडलं आणि तो खालचा ठिपका मला सापडेना.

सगळे ठिपके रेघेवर होते. जवळ नव्हे, रेघेवर. एकामागे एक, नीट अंतर ठेवून. खरे आकडे असे कधीच बसत नाहीत. कॉलेजात कुणी असं मॉडेल आणलं असतं तर मॅडमनी वहीसकट बाहेर काढलं असतं. मी मूळ आकडे पाहिले. ज्या वर्षी सिमेंटचा कारखाना सुरू झाला, त्या वर्षीची आयात मला तोंडपाठ आहे. ती खाली आली होती. पर्यटक वाढले ते वर्षही खाली. मागचं वर्षही. सगळी वर्षं त्या एका वर्षाच्या पायरीवर उतरून उभी होती.

"दशांश, आकड्यांना कुणी हात लावला?"

"का?"

"कारखान्याच्या वर्षी आयात इतकी कमी नव्हती."

"कमीच असणार ना," तो शांतपणे म्हणाला. "तेव्हा बंदर बंद होतं."

"बंदर एकाच वर्षी बंद होतं!"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं आपण तापात बडबडणाऱ्या माणसाकडे पाहतो. मग उठून बाहेर गेला. तेव्हा मला तो आवाज जाणवला. कदाचित सकाळपासून असेल. कचेरीच्या लांबलचक व्हरांड्यातून पावलं घासत होती. खूप पावलं, पण एकदाच. खर्रर. मग शांत. मग बऱ्याच वेळाने पुन्हा, खर्रर.

मी घाईघाईने रकाना परत लावला. त्या वर्षापुढे एक, बाकी शून्य. मॉडेल चालवलं. डमीचं उत्तर आलं शून्य.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. याचा अर्थ, त्या वर्षात वेगळं असं काही नाही. वगळण्यासारखं काही नाही. इतरांसारखंच एक वर्ष.

मग मी एक दुसऱ्या वर्षापुढे लिहिला. शून्य. तिसऱ्या. शून्य. एकेक वर्ष घेत पार माझ्या जन्माच्या मागे गेले. सगळीकडे शून्य. वेगळं वर्ष कुठलंच उरलं नव्हतं.

दार उघडलं. सर. अंगात कोट, गळ्याशी बटणं लावलेली. बाहेर चांगलं ऊन होतं.

"काढलास," ते म्हणाले.

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं होतं?"

"काहीही! जे माहीत असेल ते!"

"मी तुझ्याएवढा होतो. ती रांग या खिडकीतून दिसायची. आमच्या साहेबांनी सांगितलं, त्या वर्षापुढे एक लिही. लिहिला. दुपारी पाहिलं तर रांग नव्हती."

"आणि माणसं?"

ते माझ्या टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"सर, माणसं कुठे गेली?"

"एक लिही म्हणाले, मी लिहिला."

"आयुष्यभर तेवढंच केलंत ना?" मी ओरडले. "तुम्ही, माझे बाबा, सगळेच. झाकून ठेवायचं आणि वर आम्हालाच वय विचारायचं! मग आता परत कसा लिहायचा ते तरी सांगा!"

"लिही की. कुठलं वर्ष वेगळं आहे ते दाखव, त्याच्यापुढे लिहू." त्यांचा आवाज चिडलेला नव्हता, दमलेला होता. मग व्हरांड्यात पावलं घासली, आणि सर बोलता बोलता वळले आणि बाहेर गेले. दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. ते दशांशच्या मागे जाऊन उभे राहिले.

४

मी घरी फोन लावला. आईने उचलला.

"चिमणी कुठंय?"

"बाहेर गेलीय."

"कॉलेजला?"

"रॉकेल आणायला."

"आई, आपल्या घरात रॉकेलवर चालणारं आहेच काय? गॅस आहे. हीटर आहे."

"थंडी बघ किती आहे. घरात थेंब नाही."

"ऊन पडलंय, आई! खिडकीतून बघ, ऊन आहे!"

"कॅन दिलाय तिला. मफलर नको म्हणाली, तुझ्यासारखीच हट्टी." मागे बाबा काहीतरी म्हणाले. आई त्यांना म्हणाली, "अहो, येतेय, तोवर नंबर धरा." आणि फोन ठेवला.

चिमणीचा फोन वाजत राहिला. तिने उचलला नाही. मी मॉडेल तसंच चालू ठेवलं आणि व्हरांड्यातून पळाले. अख्खा मजला तिथे उभा होता. मी धक्के देत गेले, कुणीच ओरडलं नाही. उलट सगळे भिंतीला चिकटून मला वाट देत होते, फक्त आपली जागा सोडत नव्हते.

५

रांगेचं शेपूट चौकातच होतं. मी तिच्या कडेने पळत सुटले. औषधाचं दुकान, बँक, शाळेची भिंत, सगळी ओलांडली. माणसं हळू आवाजात बोलत होती, रांगेत बोलतात तसं, गुडघ्याचं, पोरांच्या परीक्षेचं. कुणीतरी म्हणालं, "अहो ताई, मध्ये घुसू नका हं." दुसरं म्हणालं, "घुसू द्या, पुढे काय लाडू वाटतायत?" आणि सगळे हसले. अगदी साधं हसणं. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

चिमणी पार पुढे होती. पुढे गोदामाचं शटर. अर्धं वर. ज्याचा नंबर यायचा तो वाकायचा, आधी कॅन आत ढकलायचा, मग स्वतः जायचा. बाहेर कुणी येत नव्हतं. आत दिवा नव्हता.

"चल," मी तिचा हात धरला. "घरी चल."

"ताई, वेडी झालीस का? नंबर जाईल माझा."

"जाऊ दे."

"सकाळपासून उभी आहे!" तिने हात सोडवायला झटका दिला. मी दोन्ही हातांनी धरला. ओढलं. जोर लावून ओढलं, तिच्या दंडावर माझी बोटं उमटली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिचे पाय हलले नाहीत. जमिनीत गाडलेला खांब ओढावा तसं. फक्त रांग सरकली तेव्हा ते पाय उचलले गेले, एकच पाऊल, आणि तिच्यासोबत मीही फरफटले. खर्रर.

तेव्हा शटरपाशी एक मुलगा वाकला. निळा मफलर. कॅन या हातातून त्या हातात घेताना त्याने मान जराशी तिरकी केली, आणि ती मान मी कुठेही ओळखली असती. सायकलच्या मागून धावताना तो अशीच मान करून विचारायचा, सोडू का आता?

हाक माझ्या जिभेवर आली होती. एक हाक, आणि त्याने वळून पाहिलं असतं. पण तो वळला असता तर मी धावले असते, आणि धावायला चिमणीचा हात सोडावा लागला असता.

मी ओठ दाबून धरले. तो आत गेला.

रांग सरकली. आता आमच्या पुढे मोजकीच माणसं. मी वेड्यासारखं इकडेतिकडे पाहिलं, आणि मला एकच गोष्ट सुचली. आमच्या मागे कोटातला एक गृहस्थ होता. मी त्याला म्हटलं, "तुम्ही या ना पुढे."

"आँ?"

"या. आम्हाला घाई नाही."

"कमाल आहे," तो म्हणाला. "रांगेत असं कुणी म्हणत नाही." तो आमच्या पुढे येऊन उभा राहिला. चिमणी चिडली, पण तिचे पाय मागे सरकले. त्याला जागा द्यायला सरकले! मागे ते जात होते.

मग मी थांबलेच नाही. "काकू, तुम्ही या. आजोबा, पाय दुखतायत ना, या पुढे." माणसं येत होती. भलं होईल तुझं पोरी, म्हणत होती. आजकालच्या मुली इतक्या समजूतदार नसतात, म्हणत होती. मी त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत नव्हते. शटरखाली वाकणाऱ्या पाठींकडेही नाही. दशांश आला; कचेरीची रांगही आता इथे येऊन मिळाली होती. "तुझा नंबर धरू?" त्याने विचारलं. "नको," मी म्हणाले, "तूच जा." सर आले. माझ्यासमोर क्षणभर थांबले. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. ते कोटाची कॉलर नीट करत म्हणाले, "मी जाऊ?"

"या, सर."

ऊन शाळेच्या भिंतीवरून उतरलं. मी बोलून बोलून घसा बसवून घेतला होता. चिमणी आता रडत नव्हती, फक्त कॅनच्या मुठीशी खेळत होती. तिचा हात माझ्या हातात घामेजला होता, तरी मी पकड ढिली केली नव्हती.

"अगं, तुम्ही दोघी अजून इथेच?"

आई होती. तिच्या मागे बाबा. दोघांच्या हातांत कॅन.

"तुम्ही का आलात?" माझा आवाज आवाजासारखा राहिला नव्हता. "आई, घरी जा. बाबा, प्लीज, आईला घेऊन घरी जा. मी ऐकेन तुमचं, यापुढे एक शब्द उलट बोलणार नाही, पण घरी जा."

बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या आणि माझ्यामध्ये पेपर नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चिमणीकडे, मग शटरकडे. त्यांना काय दिसलं, काय कळलं, मला ठाऊक नाही.

"आमचं वय झालं," ते म्हणाले. "आम्हाला जाऊ दे पुढे."

मी बाजूला झाले तेवढी.

आई जाताना चिमणीचे केस कानामागे सारून गेली. शटरपाशी बाबांनी आधी तिचा कॅन आत ठेवला, मग आपला, मग तिला वाकायला हात दिला.

"ताई," चिमणी म्हणाली, "आता कोणाला बोलावतेस?"

मी मागे वळले. चौकापर्यंतचा रस्ता दिसत होता, दुकानं, बँक, ऊन. आमच्या मागे कुणीच नव्हतं.

रांग एक पाऊल पुढे सरकली.